पात्याच्या रेषेत उभं राहू नकोस

पोरा, आधी बटणाला हात लावू नकोस, लाकूड बघ. फळी सपाट टेबलावर ठेवून कोपरे दाब. डुगडुगली तर तिला पीळ आहे, मध्येच उचललेली दिसली तर बाक. अशी फळी आधी रंध्यानं सरळ कर, मगच टेबल-सॉवर आण. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड स्वस्त पडतं खरं, पण त्यात मोडके खिळे आणि पिना दडलेल्या असतात. लोहचुंबक फिरवून घे.

लाकडाच्या रेषांच्या दिशेनं कापलं की चीर, रेषा तोडून कापलं की आडवा काप. चिरायला दहा इंची पात्याला 24 दात पुरतात, आडव्याला 60 किंवा 80 हवेत. पातं साधारण एक सूत लाकूड खातं, म्हणजे 3 मिलिमीटर. आठ सुतांचा इंच. दहा काप घेतलेस तर सव्वा इंच लाकडाचा भुसा झाला. म्हणून पेन्सिलीच्या रेघेच्या कुठल्या अंगानं दात जाणार, ते आधी ठरव.

आता खरी गोष्ट ऐक. पुढचे दात खाली जातात, लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दात वर येतात. ओलं किंवा पीळदार लाकूड मागं मिटून पात्याला आवळतं, मग तेच दात त्याला उचलून तुझ्या अंगावर फेकतात. मोटर मिनिटाला 2880 फेरे घेत असेल आणि पातं थेट तिच्यावर असेल, तर दहा इंची पात्याच्या दाताचा वेग ताशी 138 किलोमीटर होतो. हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून पात्यामागे एक पोलादी पट्टी असते; ती काप मिटू देत नाही. महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 मध्येही ती पट्टी, पात्यावरचं झाकण आणि ढकलकाठी सांगितली आहे. अडचण होते म्हणून पहिल्याच दिवशी पट्टी काढून ठेवणाऱ्या मिस्त्रीकडून दुसरं काहीही शिक, हे शिकू नकोस.

चिरताना लाकूड ज्याला टेकवून सरकवतात ते गाईड उजवीकडे असेल तर पात्याच्या डावीकडे उभा राहा. लाकडाच्या वर दात जेमतेम एक निघू दे. पात्यापासून वीतभर अंतर उरलं की हात सोड आणि काठी घे. आडवा काप घेताना तुकडा गाईडला टेकवू नकोस, तो मध्येच अडकतो. हातमोजे नकोत, मनगटावरचा गंडा नको, गळ्यात गमछा नको. चष्मा आणि तोंडाला मास्क मात्र हवाच.

आणि वीज गेली की आधी बटण बंद कर, मग चहाला जा. साध्या बटणाचं मशीन वीज आली की आपोआप फिरू लागतं, आणि तेव्हा नेमका कुणीतरी पात्यावरचा भुसा झटकत असतो. पातं बदलताना तर प्लगच काढायचा, आणि तो आपल्या नजरेसमोर ठेवायचा. उद्या चपला घालून येऊ नकोस, बूट घाल.