आधींच भिणारें मूल

मृग लागला कीं खानदेशांत पेरणीची घाई उडते, आणि त्याच सुमारास, म्हणजे जूनच्या मध्यास, शाळा उघडतात. चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवरून पुष्कळ लहान मुलें त्या दिवसांत निवासी आश्रमशाळेंत जावयास निघतात. अशा घरीं एक प्रकार आम्हीं वारंवार पाहिला आहे. निघावयास आठ दिवस उरले असतांनाच मूल जेवेनासें होतें, रात्रीं दचकून उठतें, पोट दुखतें म्हणून रडतें. बाप म्हणतो, सोंग करितें. आजी म्हणते, नजर लागली.

तें सोंग नव्हे. भय वाटलें म्हणजे शरीर पळण्याच्या तयारीस लागतें. छाती धडधडते, पचनाचें काम मंदावतें आणि पोटांत खरोखरच कळ येते. ज्या गोष्टीस मूल भितें ती अजून घडलेली नसते, परंतु दुखणें आजचें असतें. मन चिंती तें वैरी न चिंती, ही म्हण सात वर्षांच्या जिवासहि लागू आहे. (पोट वरचेवर दुखत असल्यास प्रथम डॉक्टरास दाखवावें, हें वेगळें सांगावयास नको.)

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकांत श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. पाण्यास भिऊन श्याम लपून बसतो, आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठविते. आपल्या मुलास कोणीं भित्रा म्हणावें हें तिला सहन होत नाहीं. त्या माउलीचा निश्चय आम्हांस मान्य आहे, मार मान्य नाहीं. मुलानें विहिरीवर गेलेंच पाहिजे, हें तिनें बरोबर ओळखलें होतें. रडल्यामुळें एकदां घरीं राहावयास मिळालें, कीं पळाल्यानेंच आपण वांचलों असें मुलाच्या मनांत ठसतें, व पुढच्या वेळीं भय दुप्पट होतें. परंतु आपल्याकडे पोहावयास शिकवितांना कमरेस वाळलेला भोपळा बांधतात, तोहि विसरूं नये. पहिल्याच दिवशीं तो कोणी सोडीत नाहीं, आणि जन्मभर बांधूनहि ठेवीत नाहीं.

तेव्हां भोपळा कोणता बांधावा? प्रथम मुलास जवळ घेऊन, नेमकें कशाचें भय वाटतें तें विचारावें व मध्यें न बोलतां ऐकावें. उत्तर बहुधा आपल्या कल्पनेंतलें नसतें. घरीं पावरी बोलणाऱ्या एका मुलीस अभ्यासाचें कांहींच वाटत नव्हतें. रात्रीं बाहेर जावयाचें झाल्यास तें मराठींत कसें सांगावें, एवढीच तिची चिंता होती. तीं चार वाक्यें आईनें तिच्याकडून घोकून घेतलीं, व अधीक्षकांस अगोदर कळविलें. निम्में भय तेथेंच गेलें.

मग सुटीतच एकदां शाळा दाखवून आणावी. निजावयाची जागा, पाण्याचा नळ, स्वयंपाकघर हीं डोळ्यांनीं पाहूं द्यावीं. एक रात्र मामाच्या घरीं एकट्यास ठेवावें, नंतर दोन. "तुम्ही येणार ना?" असें मूल दहादां विचारील. एकदां स्पष्ट उत्तर द्यावें. पुन्हा विचारल्यास "मीं काय सांगितलें होतें, तूंच सांग," असें म्हणावें. दहादां उत्तर दिल्यानें अकरावा प्रश्न थांबत नाहीं.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. डोंगरावरील प्रवचनांत उद्याच्या चिंतेविषयीं जें सांगितलें आहे, तें भ्यालेल्या मुलास दटावण्याकरितां वापरूं नये. तीं वचनें धीर देण्याकरितां बोललेलीं आहेत. चिंता वाटणें हेंच पाप, असें मुलास वाटलें तर तें चिंता सांगावयाचें सोडून देईल इतकेंच.

गुरुजी स्वतः १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते व तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या ते झाडीत, त्यांचे कपडे धूत. घरापासून दूर आलेल्या मुलास कोणीतरी आपलें आहे असें वाटण्यास याहून अधिक काय लागतें? आमच्या शिक्षकांनीं याचा विचार करावा.

पुष्कळ आठवडे लोटूनहि मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा शाळेचें नांव काढतांच थरथरत असेल, तर सरकारी रुग्णालयांत दाखवावें. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केल्यासहि मोफत सल्ला मिळतो.

निघण्याच्या दिवशीं मूल झोपलें असतां किंवा खेळांत गुंतलें असतां गुपचूप निघून येऊं नये. पुष्कळ आईबाप रडणें पाहवत नाहीं म्हणून असें करितात; मग मूल पुढें कित्येक महिने डोळा मिटावयास भितें. समोर उभें राहून निरोप घ्यावा, तो थोडक्यांत घ्यावा, आणि पुन्हा केव्हां येणार तो वार सांगावा. रविवार सांगितला असेल तर रविवारींच जावें. नाल्यास पूर येऊन एस.टी. बंद पडली तर त्याच दिवशीं अधीक्षकांस फोन करून निरोप मुलाच्या कानीं घालावयास सांगावें, कारण तें सकाळपासून फाटकाशीं बसलेलें असतें.