ट्रायॲक्स कनेक्टर : तिसऱ्या वाहकाचे महत्त्व

आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेस काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने वापरलेला इलेक्ट्रोमीटर भेट दिला. अतिसूक्ष्म विद्युतधारा मोजणारे हे उपकरण सुस्थितीत होते. मात्र सोबत केबल नव्हती. मागील बाजूस नेहमीच्या बीएनसीसारखे दिसणारे, पण बीएनसीची केबल न स्वीकारणारे एक सॉकेट होते. चौकशीअंती समजले की हे ट्रायॲक्स सॉकेट असून त्याच्या नव्या केबलची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची आहे. उपकरण कपाटात गेले. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक. परंतु प्रयोगशाळेची नोंदवही सांभाळण्याचे काम वाट्यास आल्यामुळे तो या विषयात शिरला. त्यातून जे शिकावयास मिळाले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम आपल्या परिसरातील एक उदाहरण घेऊ. राहुरी तालुका मुळा धरणाच्या लाभक्षेत्रातील. बारमाही पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे जमिनी खारवट व चोपण होण्याची तक्रार बागायती भागांत जुनी आहे. मातीचा सामू ८.५ च्या पुढे गेला, की चोपणपणाची शंका घेतली जाते आणि जिप्समचा विचार सुरू होतो. सामू मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध सुमारे १० कोटी ओहम असतो. त्याचा बीएनसी कनेक्टर पावसाळ्यात दमट झाला आणि तेथील विसंवाहकाचा रोध १०० कोटी ओहमपर्यंत उतरला, तर इलेक्ट्रोडच्या विद्युतदाबाचा सुमारे अकरावा हिस्सा वाटेतच गळतो. कोरड्या दिवसांत जुळविलेला मीटर मग ८.५ ऐवजी ८.४ च्या आसपास आकडा दाखवितो. दोष मातीचा नाही, शेतकऱ्याचा नाही; दोष बोटाच्या पेराएवढ्या कनेक्टरचा! येथे उपाय स्वस्त आहे : कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पूर्ण वाळू द्यावा आणि आतील पांढऱ्या भागास बोट लावू नये.

इलेक्ट्रोमीटरच्या बाबतीत मात्र केवळ स्वच्छता पुरत नाही. साध्या कोॲक्स केबलमध्ये दोन वाहक असतात : मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी. समजा, दोहोंमधील विसंवाहकाचा रोध १०० कोटी ओहम आहे आणि विभवांतर १० व्होल्ट आहे. ओहमच्या नियमानुसार १० नॅनोअँपिअर धारा गळेल. मोजावयाची धाराच १ नॅनोअँपिअर असेल, तर चोरी मालापेक्षा मोठी ठरते. ट्रायॲक्समध्ये या दोहोंच्या मध्ये आणखी एक जाळी असते. तिला गार्ड म्हणतात. उपकरण स्वतःच या गार्डला मधल्या तारेइतकाच विद्युतदाब पुरविते. दोहोंत फरक केवळ १ मिलिव्होल्टचा उरला, तर गळती १ पिकोअँपिअर, म्हणजे दहा हजार पटींनी कमी होते. विभवांतरच नाही, तर धारा वाहील कशी? तिसऱ्या वाहकाचे सारे मर्म एवढेच आहे.

आता खरेदीचा प्रश्न. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आजही लॅमिंग्टन रोड या जुन्याच नावाने ओळखला जातो. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली याच व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी बीएनसी मुबलक मिळतात. ट्रायॲक्स मात्र विचारून, वाट पाहून शोधावे लागतात. आम्हास एका दुकानदाराने पहिल्या खेपेस चुकीचा कनेक्टर दिला, कारण आम्ही खुंट्या मोजल्या नव्हत्या. जुन्या उपकरणांच्या सॉकेटवर दोन, तर पुढील काळातील उपकरणांवर तीन खुंट्या असतात. एकाचा प्लग दुसऱ्यावर बसत नाही. जोर लावल्यास सॉकेट निकामी होते. दूरदर्शन कॅमेऱ्याच्या केबललाही ट्रायॲक्सच म्हणतात, पण तिचे कनेक्टर निराळे असतात. म्हणून सॉकेटचे स्पष्ट छायाचित्र सोबत न्यावे.

खर्च वाचविण्याची एक युक्ती आमच्या कामी आली. दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली एक वापरलेली केबल घ्यावी आणि ती मध्यभागी कापावी. एका किमतीत दोन जोडण्या तयार होतात. कापलेल्या टोकाशी तिन्ही वाहक वेगळे करावेत, एकाचा धागाही दुसऱ्यास शिवू देऊ नये आणि मल्टिमीटरने प्रत्येक जोडी तपासावी.

अडॅप्टर घेताना मात्र स्वस्ताईचा मोह आवरावा. ट्रायॲक्सवरून बीएनसीवर येणारे अडॅप्टर बाहेरून सारखे दिसतात, आतून नसतात. काहींत गार्ड मोकळा सोडलेला असतो, काहींत तो बीएनसीच्या बाहेरील धातूस जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात गार्डवर जो विद्युतदाब असेल, तोच आपल्या बोटांखाली येतो. काही उपकरणे २०० व्होल्ट वा त्याहून अधिक दाब देतात. तो जिवावर बेतू शकतो. गार्ड बाहेरील जाळीस जोडला गेला, तर गार्डचा उपयोगच संपतो. शिवाय काही इलेक्ट्रोमीटरमध्ये मधली जाळी गार्ड नसून मोजणीचे परतीचे टोक असते. तेथे ती मोकळी सोडल्यास मापनच होत नाही. म्हणून आधी उपकरणाची माहितीपुस्तिका वाचावी, मग मल्टिमीटरने अडॅप्टर पडताळावा आणि शिक्षकांच्या उपस्थितीवाचून विद्यार्थ्यांनी अशा जोडणीस हात लावू नये.

केबल हलली तरी आकडा नाचतो, कारण घर्षणानेही विद्युतभार निर्माण होतो. ती टेबलास चिकटपट्टीने बांधावी; हा उपाय जवळजवळ फुकट आहे.

कपाटातील ते उपकरण आज आठवी ते दहावीच्या मुलामुलींच्या टेबलावर आहे. निरनिराळ्या प्लॅस्टिकमधून, सुक्या व ओल्या लाकडातून किती धारा झिरपते, हे ती मुले स्वतः मोजतात. ज्या आकड्यावर विश्वास ठेवावयाचा, तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे तपासण्याची सवय त्यांना लागते आहे. इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकविताना मीही हेच सांगत आलो आहे.

माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : आपल्या कंपनीतून वा संस्थेतून जुने उपकरण शाळेस द्याल, तेव्हा त्याची केबल, अडॅप्टर आणि माहितीपुस्तिकाही त्याच खोक्यात घाला. तुमच्याकडे अडगळ वाटणारी ती वीतभर तार येथे एका संपूर्ण वर्गाचे वर्ष वाचविते.