पाच पिनांचे इटालियन बिलियर्ड्स : नियम वाचण्याचा एक पाठ



या अंकातील अभ्यासपाठ एका खेळावर आहे. हा खेळ आपल्या शाळेत कोणी खेळलेले नाही आणि बहुधा कोणी पाहिलेलाही नाही. मुद्दामच असा निवडला. ओळखीच्या खेळाचे नियम आपण वाचत नाही, ते आपल्याला 'माहीत असतात', आणि मग शनिवारच्या तासाला कॅरमच्या पाटाभोवती आवाज चढतो. राणी घेतली, पण कव्हर गेले नाही, तर राणी कोणाची? प्रत्येकाच्या गल्लीचा नियम निराळा. या भांडणांमुळे शनिवारचा खेळाचा तास बंद करून तेथे आणखी एक गणिताचा तास घ्यावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे आणि ती येत्या बैठकीत विश्वस्त मंडळापुढे येणार आहे. आमचे मत निराळे आहे. खालील पाठ वाचून झाल्यावर सर्वांनी आपले मत बनवावे, इतकीच विनंती.

आणखी एक कारण आहे. आपल्या मुलांना गोष्ट छान वाचता येते, कविता पाठ होतात. परंतु 'जोपर्यंत', 'अन्यथा', 'वगळता', 'त्याआधी', 'तरच' असे शब्द असलेले वाक्य आले की गाडी अडते. घराबाहेर सगळा व्यवहार हिंदीत, त्यामुळे मराठीतील हे छोटे छोटे शब्द कानावर कमी पडतात. शाब्दिक उदाहरणे चुकतात ती पुष्कळदा गणितामुळे नव्हे, या शब्दांमुळे. खेळाचा नियम म्हणजे अशा शब्दांचा खजिनाच.

आता खेळाकडे वळू. इटलीत बिलियर्ड्स म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जे टेबल येते त्याला खिसे नसतात. खेळण्याची जागा 2.84 मीटर लांब आणि 1.42 मीटर रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट. कापडाखाली पाटीच्या दगडाची फरशी असते आणि स्पर्धेच्या टेबलांमध्ये ती खालून किंचित गरम ठेवतात, कारण दमट कापडावर बॉल जड चालतो. पावसाळ्यात आपण कॅरमवर पावडर जास्त टाकतो, त्यातलाच हा प्रकार. बॉल तीन : एक पांढरा, एक पिवळा आणि एक लाल. पांढरा एका खेळाडूचा, पिवळा दुसऱ्याचा. लाल कोणाचाच नाही. इटालियन लोक त्याला 'पाल्लीनो' म्हणतात.

टेबलाच्या अगदी मध्यभागी पाच छोट्या पिना उभ्या असतात. उंची जेमतेम अडीच सेंटीमीटर, बूड गोल, बुद्धिबळातील प्याद्यासारख्या. मध्ये लाल पिन आणि तिच्या चार बाजूंना चार पांढऱ्या, अधिक (+) चिन्हाच्या आकारात. पिनेला इटालियनमध्ये 'बिरिल्लो' म्हणतात, अनेकवचन 'बिरिल्ली'. म्हणून खेळाचे नाव 'चिंक्वे बिरिल्ली', पाच पिना. पाचांच्या या मांडणीला ते 'कास्तेल्लो' म्हणजे किल्ला म्हणतात. नाव छान आहे, कारण सगळी लढाई या किल्ल्याभोवतीच होते.

आता मुख्य नियम. तो दोनदा वाचावा. खेळणाऱ्याने क्यूने आपला बॉल मारायचा; तो बॉल सर्वात आधी प्रतिस्पर्ध्याच्या बॉलला लागला पाहिजे; आणि पिना पाडायच्या त्या प्रतिस्पर्ध्याच्या बॉलने किंवा लाल बॉलने, आपल्या बॉलने नव्हे.

येथेच नवशिक्या थबकतो. आपल्या कॅरममध्ये, गोट्यांमध्ये, विटीदांडूत, जे साधायचे ते आपण सरळ साधतो. येथे आपल्या बॉलने पिन पाडली तर तिचे गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात! इटालियन खेळाडू याला 'बेव्हूता' म्हणतात, म्हणजे 'पिणे'. आपलाच बॉल किल्ल्यात शिरून पिना पिऊन आला आणि बिल आपल्या माथी, असे समजा. म्हणून येथे नेम एका बॉलचा धरून भागत नाही. माझा बॉल त्याच्या बॉलला धडकल्यावर त्याचा कोठे जाईल, आणि त्याच वेळी माझा कोठे जाईल, हे दोन्ही आधी डोक्यात यावे लागते. आपला बॉल आधी कडेच्या रबरावर, म्हणजे कुशनवर, आपटून मग प्रतिस्पर्ध्याच्या बॉलला लागला तरी चालते. कुशनला 'आधी' लागण्याची बंदी नाही. पिनेला किंवा लाल बॉलला आधी लागण्याची आहे. 'सर्वात आधी' हे दोन शब्द नीट वाचले नाहीत तर हा फरक सुटतो. आणि प्रतिस्पर्ध्याचा बॉल मुळीच लागला नाही, तर नियमभंग होतो आणि समोरच्याला 2 गुण जातात.

गुणांची पद्धत अशी. पांढरी पिन पडली की प्रत्येकी 2 गुण. लाल पिन एखाद्या तरी पांढरीसोबत पडली तर लालचे 4. परंतु लाल पिन एकटीच पडली, चारही पांढऱ्या उभ्याच राहिल्या, तर तिचे 10. याशिवाय बॉलांच्या धडकेचे गुण आहेत. आपला बॉल प्रतिस्पर्ध्याच्या बॉलला लागून मग लाल बॉललाही लागला तर ती 'कॅरम', 4 गुण. प्रतिस्पर्ध्याचा बॉल जाऊन लाल बॉलला लागला तर 3 गुण, त्याला 'काझिन' म्हणतात. अर्जेंटिना आणि उरुग्वे येथेही हा खेळ फार लोकप्रिय आहे आणि तेथे तर या एका फटक्याचेच नाव सबंध खेळाला पडले. घरगुती खेळात हे आकडे थोडे कमीअधिक असतात. आम्ही स्पर्धांमधील पद्धत दिली आहे. स्पर्धेत साधारणपणे 60 गुणांचा एक डाव, आणि असे अनेक डाव मिळून सामना.

आता जरा थांबून आकड्यांकडे पाहू या. सबंध किल्ला पाडला तर किती? चार पांढऱ्यांचे 8 आणि लालचे 4, एकूण 12. आणि एकटी लाल पाडली तर 10. म्हणजे सगळे उद्ध्वस्त करणे आणि चौघांना धक्का न लावता मधली एक टिपणे, यांत फक्त दोन गुणांचे अंतर! ज्या कोणी हा नियम घडवला त्याला ताकदीपेक्षा हात अधिक आवडत असावा. एका ओळीतील तीन पिना, पांढरी-लाल-पांढरी, पडल्या तर 2 आणि 4 आणि 2, म्हणजे 8. या फटक्याला 'फिलोत्तो' असे खास नाव आहे.

एकटी लाल पडणार कशी, असा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांना पडला असेल. वहीत अधिकचे चिन्ह काढा. मधल्या पिनेपासून प्रत्येक पांढरी समजा 1 अंतरावर आहे. तर शेजारच्या दोन पांढऱ्यांमधील अंतर किती? पायथागोरसचे प्रमेय लावा : 1 चा वर्ग अधिक 1 चा वर्ग, त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे 1.41. तात्पर्य, सरळ ओळीने आलेल्या बॉलच्या वाटेत पांढरी पिन उभी असते. तिरक्या वाटेने मात्र दोन पांढऱ्यांमध्ये मोठी फट मिळते आणि त्या फटीच्या समोर लाल उभी असते. बॉलचा व्यास सुमारे 6 सेंटीमीटर, त्यामुळे फट असली तरी ऐसपैस नाही. लालला टिपून पुढे जाताना पलीकडची एखादी पांढरी पडलीच की 10 चे 6 झाले. किल्ल्याला दार आहे, पण ते कोपऱ्यातून उघडते.

टेबलाच्या कडेवर खुणाही असतात. लांब कडेचे 8 आणि आखूड कडेचे 4 समान भाग. 284 भागिले 8 आणि 142 भागिले 4, दोन्हींचे उत्तर 35.5 सेंटीमीटर. म्हणजे सगळे टेबल आलेखाच्या कागदासारखे चौरसांत विभागले जाते आणि चांगले खेळाडू कुशनवरून येणाऱ्या फटक्यासाठी या खुणांचा तोंडी हिशेब करतात. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान, हा नियम आठवीच्या विज्ञानात प्रकाशासाठी शिकतो, तोच येथे कामाला येतो. (बॉलला फिरकी दिली की हा नियम बिघडतो. प्रकाशाला फिरकी देता येत नाही, ते एक बरे आहे.)

आणखी एक नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. गुण मिळोत वा न मिळोत, प्रत्येकाने एकच फटका मारायचा आणि मग समोरच्याची पाळी. स्नूकरमध्ये किंवा आपल्या कॅरममध्ये हात बसलेला खेळाडू खेळतच राहतो आणि दुसरा बसून पाहतो. येथे तसे नाही. पंच पडलेल्या पिना पुन्हा उभ्या करतो आणि पाळी बदलते. त्यामुळे 'मला किती मिळाले' याबरोबर 'मी त्याच्यासाठी टेबलावर काय ठेवून जातो आहे' हाही विचार करावा लागतो. 4 गुण मिळवून त्याला सोपा फटका ठेवला तर फायदा कोणाचा? म्हणून निपुण खेळाडू कधी कधी 2 गुणांवर समाधान मानतो, पण त्याचा बॉल किल्ल्याच्या आड अडकवून येतो.

या खेळाची जागतिक स्पर्धा 1965 पासून होत आली आहे आणि इटलीच्या खेळाडूंना अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी, उदाहरणार्थ गुस्ताव्हो झिटो यांनी, चांगलेच झुंजवले आहे. इटलीतून दक्षिण अमेरिकेत गेलेल्या लोकांची तेथे मोठी वस्ती आहे. पिढ्या उलटल्या तरी माणसे आपला खेळ सोबत ठेवतात, हे आपल्यासारख्या दूर येऊन स्थायिक झालेल्या समाजाला वेगळे सांगायला नको. नऊ पिनांचाही एक प्रकार आहे, 'गोरित्सियाना'. त्यात गुण भराभर वाढतात. त्याच्या तपशिलात येथे जात नाही.

काही पालकांना बिलियर्ड्स हे नावच आवडणार नाही, हे आम्ही जाणतो. क्लब, धूर, पैजा असे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु स्नूकर हा खेळ जन्मला तो आपल्याच प्रदेशातील जबलपूरला, 1875 साली, तेथील लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून तो निघाला (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन निराळे). आणि 1958 मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. आज आपण ज्यांचे नाव अभिमानाने घेतो ते पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच. पैजा पत्त्यांवर लागतात आणि क्रिकेटवरही लागतात. म्हणून आपण मुलांची बॅट काढून घेत नाही.

आता घरी करायचे काम. टेबल कोठून आणणार? कॅरमचा पाट घ्या. मध्यभागी चार पांढरी प्यादी आणि एक काळे प्यादे उभे करा. काळे म्हणजे आपली लाल पिन. एक स्ट्रायकर तुमचा, दुसरा तुमच्या भिडूचा, आणि राणी म्हणजे लाल बॉल. चारही खिशांवर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा. मात्र पहिला फटका मारण्याआधी दोघांनी मिळून सर्व नियम मराठीत, स्वतःच्या शब्दांत, एका कागदावर लिहायचे आणि खाली दोघांनी सही करायची. वाद झाला तर तोंडाने बोलायचे नाही, कागदावर बोट ठेवायचे. पालकांपैकी एकाने पंच व्हावे. पंचाला नियम बदलण्याचा अधिकार नाही, केवळ वाचून दाखवण्याचा आहे.

सोबत काही प्रश्न. फक्त पिना पाडून एका फटक्यात 10 गुण दोन निरनिराळ्या प्रकारे मिळू शकतात, ते कोणते? 6 आणि 8 यांचेही तसेच दोन दोन प्रकार शोधा. सुधाने नियमभंग न करता एका फटक्यात 11 गुण मिळवले. फटका आम्ही पाहिला नाही, तरीही त्यात कोणती एक गोष्ट नक्की घडली असली पाहिजे, आणि ती कशावरून? अनिलचा बॉल रमेशच्या बॉलला लागून पुढे गेला आणि त्याने लाल व एक पांढरी अशा दोन पिना पाडल्या. बाकी काही घडले नाही. किती गुण आणि कोणाचे? शेवटचा प्रश्न आठवी ते दहावीसाठी : अनिलचे 52 गुण आहेत, रमेशचे 56, आणि पाळी अनिलची आहे. अनिलने फिलोत्तोसाठी जावे की बचावाचा फटका खेळावा? उत्तरात 'तरच' आणि 'अन्यथा' हे दोन्ही शब्द आलेच पाहिजेत.

उत्तरे आणि सह्या केलेले नियमाचे कागद दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी वर्गशिक्षकांकडे द्यावेत. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यांतील पाच कागद आम्ही वाचून दाखवणार आहोत, आणि मंडळी तयार असतील तर पुठ्ठे चिकटवलेला एक पाटही सोबत नेणार आहोत.