दुबईत एकटीने टॅक्सी

प्रश्न : मुलगी-जावई दुबईला असतात. मी पहिल्यांदाच एकटी निघाले आहे. विमान उतरेल तेव्हा दोघंही कामावर असतील. टॅक्सीने घरी जाऊ का? इंग्रजी येत नाही.
– एक वाचक, शिरूर कासार

उत्तर : ताई, निर्धास्त जा, फक्त टॅक्सी विमानतळाच्या रांगेतूनच घ्या. आत कुणी ‘टॅक्सी हवी का’ म्हणत बॅगेला हात घातला, तर थांबूच नका. गुलाबी छपराची टॅक्सी बाई चालवते आणि ती महिला-कुटुंबांसाठी असते; तीच मागा. विमानतळावर मीटर 25 दिरहमपासून सुरू होतं, आकडा पाहून दचकू नका. घासाघीस नसते, मीटरप्रमाणेच द्यायचं. पुष्कळ चालकांना हिंदी-उर्दू कळते.

मुलगी तिच्या मोबाइलवरून करीम किंवा उबर या अ‍ॅपची गाडी मागवू शकते. पण तुमचा फोन तिथे लागला नाही तर गर्दीत गाडी सापडायची कशी? पहिल्या दिवशी रांगच बरी. पत्ता इमारतीच्या नावासकट कागदावर इंग्रजीत लिहून घ्या, मुलीचा नंबरही. मागे बसा, पट्टा लावा, उतरताना पावती मागा. सामान गाडीत राहिलं तर तीच उपयोगी पडते. पोलिसांचा नंबर 999.