वृक्षलागवड आणि गायरानाचा प्रश्न

सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात नोंदविले आहे की, पशूंना व माणसांना सावली मिळावी म्हणून त्याने मार्गांवर वड लावविले, आमराया लावविल्या, विहिरी खोदविल्या. पाचव्या स्तंभलेखात तो बजावतो की, अरण्ये विनाकारण अथवा प्राणिहिंसेसाठी जाळू नयेत. झाड लावावयाचे असते आणि अरण्य राखावयाचे असते, हा भेद इतिहास शिकविताना आम्ही मुद्दाम फळ्यावर लिहितो. आजच्या वृक्षलागवडीत तो पुसला गेला आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षांचा संकल्प सोडला. हेतूविषयी आमची तक्रार नाही. परंतु रोपांची मोजदाद पावसाळ्यात होते आणि रोपाची खरी परीक्षा वैशाखात. (फलकावरील मान्यवरांची नावे मात्र उन्हातही टिकतात.) शिवाय लवकर वाढते व गुरे सहसा तोंड लावीत नाहीत म्हणून गिरिपुष्पासारखे परदेशी झाड पसंत केले जाते. गुरांना नको असलेले झाड गुराख्याच्या काय कामाचे? गवताळ माळास ओसाड समजणे हीदेखील अशीच चूक आहे. मेंढपाळांचे जगणे त्या माळावर चालते. माळढोकासही उघडा माळच लागतो.

आमच्या समाजाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न गायरानाचा आहे. लागवडीसाठी जागा शोधणाऱ्यांची नजर गायरानाकडे सहज वळते. तेथे अनेक गावांत भूमिहीन दलित कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून ज्वारी-बाजरी पिकवीत आली आहेत. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये देशव्यापी सत्याग्रह झाला व हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतचे ताबे नियमित करण्याचे शासनाने १९९१ मध्ये ठरविले. तरीही सातबाऱ्यावर नाव न चढलेली कुटुंबे आजही आहेत. अशा शेतात रोपासाठी खड्डा पडला की ताबा गेलाच. ज्याच्या हाती कागद नाही, त्याचे पीक पंचनाम्यात ‘अतिक्रमण’ ठरते.

याच्या उलट उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाचे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तेथे जंगल राखण्यात गावाचाच लाभ आहे, म्हणून ते राखले जाते. हक्क आधी आणि रोप मागाहून, हा क्रम आम्हास योग्य वाटतो.

यंदा नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक अभ्यास दिला आहे. आपल्या गावी लागवड कोणत्या गटात झाली, त्या जमिनीवर पूर्वी कोण कसत अथवा चारत होते, कोणती झाडे लावली आणि मे महिन्यात किती जिवंत होती, हे त्यांनी लिहून आणावयाचे आहे. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मिळविणे मुलांना जड जाते. ग्रामसेवक, तलाठी वा वनरक्षक म्हणून नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी तेवढे साहाय्य करावे.