दोन मोठी माणसे



आम्ही घरभेटीला येतो, तेव्हा आईवडील मुलांचे मार्क सांगतात, क्लासची फी सांगतात. मूल मात्र दाराआड उभे असते. ते मनातले कोणाशी बोलते, हे सहसा कोणी सांगत नाही.

बालपणी सोसलेली मारहाण, घरातले व्यसन यांचा संबंध मोठेपणीच्या आजारांशी असतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने १९९८ साली दाखवले. मग चांगल्या अनुभवांचे काय? विस्कॉन्सिन राज्यातील ६,१८८ प्रौढांच्या उत्तरांवरून क्रिस्टिना बेथेल व सहकाऱ्यांनी हे तपासले आणि २०१९ साली प्रसिद्ध केले.

प्रश्न सात होते. लहानपणी घरी मन मोकळे करता येत होते का? अडचणीत घरचे पाठीशी होते का? घरात सुरक्षित वाटत होते का? शाळा आपली वाटत होती का? मित्रांचा आधार होता का? समाजाच्या सणा-परंपरांत आनंद वाटे का? आईवडिलांखेरीज आस्थेने चौकशी करणारी निदान दोन मोठी माणसे होती का?

यांतील सहा-सात गोष्टी लाभलेल्यांपैकी शंभरात सुमारे १३ जणांना नैराश्य किंवा मानसिक अस्वास्थ्य होते. दोन किंवा त्याहून कमी लाभलेल्यांत ४८ जणांना. ज्यांचे बालपण खडतर गेले, त्यांच्यातही हा फरक दिसला. ही उत्तरे आठवणीतून दिलेली आहेत, म्हणून तो संबंध आहे, अंतिम पुरावा नव्हे. तरीही तो विचार करायला लावतो.

सातपैकी चार गोष्टी घराबाहेरच्या आहेत! म्हणजे एखादे घर कमी पडले, तरी शेजार, शाळा, धर्मग्राम ती उणीव थोडी भरून काढू शकतात. ज्या घरातून रात्री भांडणाचा आवाज येतो, ते आपल्याला ठाऊक असते. आपण खिडकी लावून घेतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही हजेरी घेतो, विचारपूस राहून जाते.

स्नानसंस्काराच्या वेळी आपण ज्या बालकाचे धर्ममाता किंवा धर्मपिता झालो, ते आज कितवीत आहे? या आठवड्यात त्याला भेटू या. मार्क न विचारता, त्याचे ऐकू या. मारहाणीबद्दल त्याने काही सांगितले, तर ते दडवू नये. १०९८ या क्रमांकावर मदत मिळते.

त्या दोन मोठ्या माणसांपैकी एक आपण होऊ या.