राखणदार घरी आणण्याआधी

मनाली किंवा मुनस्यारीला ट्रेकसाठी गेलेली आपली मुलं परतताना जॅकेटच्या आत काळंभोर, अस्वलाच्या बछड्यासारखं पिल्लू घेऊन येतात. बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत तर जानेवारीत ही भोटिया पिल्लं विकायलाच असतात. माझ्या भाच्याने असंच एक आणलं, नाव भालू. ते वाढलं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये मावेना, सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या आणि भालू आमच्या ओतूरजवळच्या मळ्यात आला. तेव्हापासून त्याचे फोटो पाहून "मामा, असाच हवाय, कुठे मिळेल?" असे फोन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

हा कुत्रा मुळात कामावरचा गडी आहे. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात खिंडी ओलांडून लाहौलकडे जातात, थंडीत खाली कांगड्याकडे उतरतात. त्यांच्या कळपाबरोबर हे कुत्रे चालतात. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या थेट गळाच धरतो. मेंढरं वळवणं हे याचं मुख्य काम नाही. याने कळपात मिसळून राहायचं आणि रात्री कोण येतंय ते बघायचं. मालक झोपलेला असताना काय करायचं हे त्यानेच ठरवायचं. पिढ्यान्‌पिढ्या असं ठरवू शकणारेच कुत्रे राखले गेले. त्यामुळे आधी लॅब्रॅडॉर पाळलेला माणूस इथे फसतो. हाक मारली की लॅब्रॅडॉर धावत येतो. भालू मान वळवून आधी बघतो, येण्यासारखं काही आहे का! याला हट्टी म्हणणं चूक आहे, पण त्याच्याबरोबर राहणाऱ्याला फरक काय पडतो?

मेंढरं नसली तरी कळप तो धरतोच. आमच्याकडे त्याने शेळ्या, माझी आई आणि शेजारच्या वस्तीवरची दोन पोरं एवढा कळप ठरवून टाकला. एकदा आईला इंजेक्शन द्यायला नर्सबाई आल्या. सुई टोचताना आई कण्हली आणि भालू उठून दोघींच्या मध्ये उभा राहिला. चावला नाही, नीट गुरगुरलाही नाही. पण चाळीस-पंचेचाळीस किलोचं धूड मध्ये उभं राहिलं की बाकीच्यांचं काम थांबतं. नर्सबाई पुन्हा आल्या त्या फाटकातूनच "आधी कुत्रा बांधा" असं ओरडत. त्यांचं बरोबरच होतं.

खरा धोका इथे आहे, आणि "कुत्रा फार प्रेमळ आहे हो" म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही. घरच्या पोराशी पाहुण्यांचं पोर मस्तीत कुस्ती खेळू लागलं तर तुम्हाला खेळ दिसतो, त्याला हल्ला दिसू शकतो. म्हणून घरात लग्नकार्य, पाहुणे, परकी मुलं असली की त्याला आत, बंद दाराआड ठेवायचं. आठ-दहा आठवड्यांचं असल्यापासून पिल्लाला माणसं, मुलं, गाड्या, पशुवैद्याचं टेबल, सगळं दाखवायचं. हे वय निघून गेलं की पुढे फार जड जातं. आणि साखळीला बांधून ठेवायचं नाही. त्याने राखण सुधारत नाही, कुत्रा बिथरतो. माणसाच्या छातीइतकं उंच, पक्कं कुंपण आणि आतून कडी लागणारं फाटक, हा खर्च पिल्लाच्या किमतीहून मोठा असतो, तो आधी करा.

भुंकण्याचंही तसंच. आमच्या जुन्नर भागात उसात बिबटे आहेत, भालू रात्रभर फेऱ्या मारत भुंकतो, आम्हाला ते हवंच आहे. चौथ्या मजल्यावर बिबट्या नसतो, पण लिफ्टचा आवाज असतो. भाच्याच्या शेजाऱ्यांची झोप त्यातच उडाली.

आता शरीराचं. एप्रिल-मेचं ऊन त्याला सोसत नाही. अंगावर दुहेरी केस असतात, म्हणून काही लोक उन्हाळ्यात न्हाव्याकडे नेल्यासारखे ते भादरून टाकतात. तसं करू नका, त्वचा भाजते. आतली मऊ लोकर विंचरून काढा, दुपारी सावली आणि ओली फरशी द्या, फिरवायचं ते पहाटे. धाप थांबेना, चाल डगमगू लागली तर पोटावर, काखेत, पंजांवर साधं पाणी ओतत दवाखाना गाठा. गोचीड रोज बघायची, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात. तिच्यापासून होणारा ताप आपल्याकडे धडधाकट कुत्री लोळवतो.

मोठ्या जातीच्या पिल्लाला "हाडं मजबूत व्हावीत" म्हणून कॅल्शियमचं औषध पाजण्याची आपल्याकडे खोड आहे. चांगला आहार असताना वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडते. पिल्लू अंगाने सडसडीतच वाढू द्या, ते पुरतं भरायला दीड-दोन वर्षं लागतात.

आणि पोट. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळवटतं. कुत्रा ओकायला बघतो, बाहेर फक्त फेस येतो, पोट टणक होतं, त्याला चैन पडत नाही. नाशिकच्या एका मित्राचा ग्रेट डेन असाच गेला. गॅस झाला समजून त्यांनी सोडा पाजला, पहाटे सगळं संपलं. यावर घरगुती उपाय नाही, शस्त्रक्रियाच लागते आणि हातात काही तासच असतात. जेवण दोन-तीनदा विभागून द्यावं, जेवणानंतर पळवू नये, आणि रात्री फोन उचलणारा आणि शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य आधी शोधून ठेवावा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ प्रकारच्या कुत्र्यांवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं. कॉकेशियन शेफर्ड, कंगाल असे परदेशी राखणदार त्यात होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांत ते टिकलं नाही. पण जात कोणतीही असो, निष्काळजीपणामुळे तुमच्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका निर्माण झाला तर भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम लागू होतं. रेबीजची लस आणि पालिकेचा परवाना यात टाळाटाळ नको.

एवढं सगळं ऐकून फोनवरचे बहुतेक जण गप्प होतात. त्यांना मी गावठी पिल्लू घ्या म्हणतो. ते आपल्या उन्हात टिकतं, कमी खातं, आणि बिबट्याची चाहूल त्यालाही लागते.